क्वांटमला जायचंय, पण सोलापुरातनं कसं?

"मॅडम, पोराला क्वांटमला घालायचंय, कुठलं कॉलेज बघू?" हा प्रश्न गेल्या वर्षापासून मला सारखा येतोय. मी सोलापुरात ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते, त्यामुळे दहावीचा निकाल लागला की शेजारचे, नात्यातले, लग्नात भेटलेले, सगळेच गाठतात. आधी कंप्युटरला घालू का म्हणायचे, मग एआय आलं, आता क्वांटम. मला खरंच बरं वाटतं हे ऐकून, कारण इतकी वर्षं फिजिक्स हा इंजिनिअरिंगच्या वाटेवरचा एक विषय एवढीच त्याची किंमत होती. पण रस्त्यात उभ्या उभ्या दोन मिनिटांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सगळं लिहूनच काढते.

आधी मुद्द्याचं. दहावीनंतर क्वांटम नावाची शाखा नसते, आणि बारावीनंतरही थेट तसा कोर्स जवळजवळ नाहीच. क्वांटम फिजिक्स म्हणजे अणू, इलेक्ट्रॉन, प्रकाशाचे कण असल्या बारक्या गोष्टी कशा वागतात त्याचं शास्त्र, आणि तिथवर पोचायचं तर फिजिक्स आणि मॅथ्स हेच दार आहे. दुसरं नाही. दाराच्या आत गेल्यावर खोल्या खूप आहेत, कंप्युटर ही त्यातली एक. सोलापुरातल्या हॉस्पिटलांत जी एमआरआय मशीनं आहेत ती क्वांटमवरच चालतात, घरातला एलईडी बल्ब, दुकानातला बारकोडचा लेझर, मोबाईलची चिप, सगळं तेच, आणि हे काही कालपरवाचं नाही.

मग आत्ताच एवढी चर्चा का, तर केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, ६,००३.६५ कोटी रुपयांचं, २०३०-३१ पर्यंत चालणारं. कंप्युटिंगचं केंद्र बंगळुरूच्या आयआयएस्सी या विज्ञान संस्थेत, कम्युनिकेशनचं आयआयटी मद्रासला, मटेरियल आणि डिव्हाइसचं आयआयटी दिल्लीत, आणि सेन्सिंगचं, म्हणजे अतिशय सूक्ष्म मोजमापांचं, आपल्या आयआयटी मुंबईत. ऑगस्ट २०२४ मध्ये डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेची पुण्यातली क्वांटमची लॅब आणि मुंबईची टीआयएफआर ही मूलभूत संशोधनाची संस्था यांनी मिळून सहा क्युबिटच्या (क्युबिट म्हणजे क्वांटम कंप्युटरचा बिट, पुढं सांगते) प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. पुणे म्हणजे हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी निघालं की दुपारच्या आत पोचतो तिथं! हे काम अमेरिकेतच होतं असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे मुद्दाम सांगते. २०२५ हे युनोनं क्वांटम वर्ष म्हणून साजरं केलं, क्वांटमचा पाया घालणाऱ्या हायझेनबर्गच्या १९२५ च्या पेपरला शंभर वर्षं झाली म्हणून, आणि त्याच वर्षीचं फिजिक्सचं नोबेल क्लार्क, देव्होरे आणि मार्टिनिस यांना मिळालं, हातात धरता येईल एवढ्या सर्किटमध्ये क्वांटम परिणाम दाखवल्याबद्दल. ते प्रयोग १९८४-८५ चे आहेत. चाळीस वर्षांनी नोबेल. या क्षेत्रात घाई चालत नाही हे पालकांनी तेवढं यातनं घ्यावं.

आता आपल्या पोरांना हे अभ्यासात कुठं भेटतं ते बघा. बोर्डाच्या अकरावीला क्वांटम पहिल्यांदा येतं ते केमिस्ट्रीत, अणूच्या धड्यात, ऑर्बिटल आणि चार क्वांटम नंबर, आणि पोरं ते पाढ्यासारखं पाठ करून टाकतात. बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात सोळा धडे आहेत आणि क्वांटमचे धडे नेमके शेवटचे तीन, चौदावा, पंधरावा, सोळावा. म्हणजे ते येईपर्यंत जानेवारी उजाडतो, गावात गड्ड्याची यात्रा भरलेली असते, प्रिलिम आणि प्रॅक्टिकल डोक्यावर असतात, आणि मग वर्गात फॉर्म्युले लिहून घ्या, दोन गणितं करून घ्या, झालं. ज्या धड्यांवर सगळं आधुनिक फिजिक्स उभं आहे ते धडे सगळ्यात घाईत शिकवले जातात याचं मला फार वाईट वाटतं. ज्याला या विषयाची खरंच ओढ आहे त्यानं हे तीन धडे दिवाळीच्या सुट्टीतच वाचून काढावेत, कुणी शिकवायची वाट बघू नये, गणितं सगळी नाही सुटली तरी चालतील.

आणि एक प्रयोग घरी करून बघा, नववीचं पोरसुद्धा करू शकतं. मी दर वर्षी वर्गात करून घेते. लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणायचे, वरचं कवच पारदर्शक असलेले, रंगीत कवचाचे नकोत. नऊ व्होल्टची बॅटरी, एक किलोओहमचा पॉट (रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरवायचा रेझिस्टर), एलईडी जळू नये म्हणून मध्ये ३३० ओहमचा एक रेझिस्टर, आणि मल्टिमीटर. खोलीत अंधार करायचा, एलईडीवर काळ्या कागदाची नळी बसवायची आणि त्यातनं बघत बघत पॉट अगदी हळू फिरवायचा. पहिली मिणमिणती चमक दिसली की थांबायचं आणि एलईडीच्या दोन पायांमधले व्होल्ट वाचायचे. लाल साधारण पावणेदोनच्या आसपास पेटतो, हिरवा त्याच्या वर, आणि निळ्याला अडीचच्या जवळ जावं लागतं.

मागे एका मुलीनं इथंच मला थांबवलं, "मॅडम, निळ्याला जास्त व्होल्ट का लागतात? कंपनी वेगळी आहे म्हणून का?" मी म्हटलं दुसऱ्या कंपनीचा आणून बघ. तिनं दुसऱ्या दिवशी दोन-तीन दुकानांतले एलईडी आणले, प्रत्येक वेळी लाल आधी आणि निळा शेवटी. मग तिनंच वहीत आकडे मांडले. प्रकाश सुट्या सुट्या पुड्यांत येतो, निळ्या प्रकाशाच्या एका पुडीत ऊर्जा जास्त असते, त्यामुळे ती पुडी बाहेर टाकायला इलेक्ट्रॉनला बॅटरीकडनं तेवढी जास्त ऊर्जा मिळावी लागते. व्होल्ट, इलेक्ट्रॉनचा चार्ज आणि रंगाची तरंगलांबी यांचा गुणाकार करून प्रकाशाच्या वेगानं भागलं की प्लँकचा स्थिरांक हातात येतो. पुस्तकात तो ६.६३ गुणिले दहाचा उणे चौतीसावा घात आहे, आमचा सहाच्या आसपास आला. म्हणजे चुकला का? नाही, आणि खरं शिक्षण इथंच चालू होतं, की डोळ्याला पहिली चमक कधी दिसते, मीटर किती अचूक आहे, एलईडीचा प्रकाश एकाच तरंगलांबीचा असतो का, फरक कशामुळं पडला. त्या पोरीनं त्यावर तीन पानं लिहिली. १९०० साली प्लँकनं जो आकडा मांडला, ज्याच्या जोरावर आइन्स्टाइननं १९०५ मध्ये फोटोइलेक्ट्रिक इफेक्ट उलगडला, तो सोलापुरात एका बाकावर बसून एका मुलीनं स्वतः मोजला. करिअर वगैरे पुढचं, मला आधी हे व्हायला हवंय.

आता मॅथ्सबद्दल, आणि हे पालकांनी नीट वाचा. अकरावीला मॅथ्स सोडू नका. आपल्याकडे डॉक्टरकीच्या नादात बायोलॉजी घेऊन मॅथ्स टाकून देतात, नीटला मार्क कमी पडले की मग फिजिक्स करू म्हणतात, आणि तेव्हा मॅथ्स नसल्यामुळं निम्म्या वाटा बंद झालेल्या असतात. क्वांटमला मॅथ्स का लागतं ते सांगते. आपल्याकडे चादरीच्या मागावर जॅकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असायची, एका जागी भोक आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. साध्या कंप्युटरचा बिट तसाच, शून्य किंवा एक. क्युबिट मात्र मोजेपर्यंत दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, आणि त्या मिश्रणाचा हिशोब कॉम्प्लेक्स नंबरनं ठेवतात, बदल मॅट्रिक्सनं करतात, आणि मोजल्यावर काय मिळेल ते प्रोबॅबिलिटीनं सांगतात. कॉम्प्लेक्स नंबर अकरावीत आहेत, मॅट्रिक्स बारावीत आहे, प्रोबॅबिलिटीही आहे. म्हणजे क्वांटम कंप्युटिंगचं निम्मं सामान बोर्डाच्याच पुस्तकात पडलंय, फक्त कुणी सांगत नाही की हे त्याचं आहे.

बारावीनंतरच्या वाटा. ज्यांना संशोधनच करायचंय त्यांच्यासाठी आयसर, म्हणजे विज्ञान शिकवणाऱ्या आणि संशोधन करणाऱ्या केंद्राच्या संस्था, सगळ्यात सरळ. देशात सात आयसर आहेत, त्यातलं एक पुण्यात पाषाणला, २००६ मध्ये सुरू झालेलं, आणि तिथं पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स असतो, त्यात फिजिक्सकडं वळता येतं. प्रवेश आयएटी या परीक्षेतनं, ६० प्रश्न, २४० मार्क, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजीचे प्रत्येकी पंधरा. मॅथ्सवाली पोरं बायोलॉजी बघून घाबरतात, पण एनसीईआरटीचं पुस्तक गोष्टीसारखं वाचलं तरी त्यातले बरेच प्रश्न सुटतात, एवढ्यावरनं परीक्षा सोडू नका. दुसरी परीक्षा नेस्ट, तिच्यातनं तसलीच संस्था असलेलं भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या कालिना कॅम्पसमधलं सीईबीएस अशा दोन ठिकाणी पाच वर्षांच्या एमएस्सीला जाता येतं. सीईबीएसचं नाव सोलापुरात शंभरातल्या दोघांनीही ऐकलेलं नसतं असं मला वाटतं, आणि ते आपल्याच राज्यात आहे. जेईई ॲडव्हान्स्ड चांगली गेली तर आयआयटीत इंजिनिअरिंग फिजिक्स आहे, बंगळुरूच्या आयआयएस्सीचा चार वर्षांचा कोर्स आहे. पोरं दोन वर्षं लातूर नाहीतर पुण्याच्या क्लासला घालवतात, जेईई आणि सीईटी सोडून बाकी परीक्षांचे फॉर्मच भरत नाहीत, कारण ते फॉर्म निघतात तेव्हा बोर्डाची परीक्षा चालू असते नाहीतर नुकतीच संपलेली असते आणि घरात कुणाचं लक्ष नसतं. अभ्यास तोच, फॉर्म वेगळा. एवढ्यासाठी चांगली पोरं हुकलेली मी बघितलीत, जीव तुटतो.

आणि यातलं काहीच नाही जमलं तर? तर सोलापुरात बीएस्सी करा. हे मी दुसऱ्या नंबरचा सल्ला म्हणून देत नाहीये. आपल्या विद्यापीठाच्या कॉलेजांत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही ठेवून बीएस्सी करायची, घरचं जेवायचं, फी परवडते, आणि पहिल्या वर्षापासून आयआयटी जॅम डोळ्यासमोर ठेवायची. जॅम फेब्रुवारीत असते, फॉर्म आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात, आणि तिच्यातनं आयआयटीत एमएस्सी फिजिक्सला जाता येतं. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे, संशोधन संस्थांची मिळून जेस्ट ही परीक्षा आहे. म्हणजे बारावीला हुकलेली गाडी तीन वर्षांनी पुन्हा त्याच फलाटावर लागते, त्या तीन वर्षांत तुम्ही काय वाचलं एवढाच प्रश्न. कॉलेजात जे शिकवतात त्याच्यावर भागत नाही हे खरंय, पण एनपीटीईएल आणि स्वयमवर आयआयटीच्या प्राध्यापकांची क्वांटम मेकॅनिक्सची अख्खी लेक्चर्स फुकट आहेत, इंग्रजी समजायला पहिले पंधरा दिवस जड जातं, मग सवय होते, मराठी माध्यमाच्या पोरांनी याची धास्ती घेऊ नये. क्लासला अजून दोन वर्षं ड्रॉप घेण्यापेक्षा हे शंभर पटीनं बरं असं माझं ठाम मत आहे. सत्येंद्रनाथ बोस १९२४ मध्ये ढाक्याला शिकवत होते, युरोपच्या त्या मोठ्या वर्तुळापासून हजारो मैल लांब, तिथनं त्यांनी आइन्स्टाइनला पेपर पाठवला आणि आइन्स्टाइननं तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापून आणला. आज जगातल्या कणांच्या दोन मोठ्या जातींपैकी एकीला बोसॉन म्हणतात ते त्यांच्यावरनं.

इंजिनिअरिंगवाल्यांनीही हिरमुसायचं कारण नाही. सुपरकंडक्टिंग क्युबिटची चिप शून्याच्या खाली २७३ अंशांवर, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या (ज्याच्यापेक्षा थंड काही असूच शकत नाही) अगदी काठावर, काही मिलिकेल्विनला ठेवावी लागते, तिला मायक्रोवेव्हचे सिग्नल द्यावे लागतात, बाहेर हजार वायरी, व्हॅक्युम पंप, कंट्रोल इलेक्ट्रॉनिक्स. हे सगळं काम ईएनटीसी, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल आणि कंप्युटरच्या माणसांचं आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद एआयसीटीईनं डिसेंबर २०२४ मध्ये इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी क्वांटम टेक्नॉलॉजीच्या मायनरचा (मुख्य शाखेच्या जोडीला घ्यायच्या विषयाचा) अभ्यासक्रमही काढलाय, आपल्या कॉलेजात चालू आहे का ते प्रवेशाच्या वेळी विचारा. सोल्डरिंग हाताला बसलेला, ऑसिलोस्कोप वाचता येणारा डिप्लोमाचा पोरगासुद्धा लॅबला हवाच असतो.

पैशाचं आणि वेळेचं स्पष्ट बोलते, कारण पालक शेवटी तेच विचारतात. बारावीनंतर पाच वर्षं एमएस्सीपर्यंत, मग पीएचडी पाच-सहा वर्षं, म्हणजे पोरगं अठ्ठावीस-एकोणतीसचं होतं. तोवर मामाचा पोरगा आयटीत लागून त्याचं लग्नही झालेलं असतं, हे बोलणं घरात होणार, त्याची तयारी ठेवा. पण पीएचडीत फी भरून बसायचं नसतं, नेट परीक्षेतनं जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली की महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं, नंतर ४२,००० होतात. बारावीला बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि शुद्ध विज्ञान घेतलेल्या पोरांसाठी इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८०,००० ची, त्या वर्षीची जाहिरात बघून अर्ज टाकायचा. प्रोफेसरच्या जागा थोड्या आहेत आणि स्पर्धा भरपूर, हे लपवण्यात अर्थ नाही. पण फिजिक्सची एमएस्सी झालेला माणूस फक्त प्रोफेसरच होतो असंही नाही, बीएआरसीची (भाभा अणुसंशोधन केंद्राची) ट्रेनिंग स्कूल आहे, डीआरडीओ, इस्रो आहे, चिपच्या कंपन्या, डेटाचं काम आहे, शिक्षकी पेशा आहेच.

एका गोष्टीचा मात्र राग येतो. एका ओळखीच्या वडिलांनी, टॉवेलच्या कारखान्यात काम करतात, सातवीतल्या पोराला कुठल्याशा ऑनलाइन क्लासच्या "क्वांटम कंप्युटिंग" कोर्सला घातलं, हप्ते करून. पोरगा स्क्रीनवर डबे इकडनं तिकडं ओढायला शिकला, सर्टिफिकेट मिळालं, फ्रेम करून भिंतीवर लावलंय. मी त्याला साधा अपूर्णांकाचा गुणाकार विचारला तर अडला. पोराची काही चूक नाही, तो हुशार आहे, पण ते पैसे गेले. आयबीएमनं २०१६ पासून खरा क्वांटम कंप्युटर इंटरनेटवर फुकट वापरायला खुला केलाय, बारावीनंतर मॅट्रिक्स येत असलं की त्याच्यावर करून बघा, कुणाला एक रुपया द्यायची गरज नाही. सातवी-आठवीत गणित पक्कं करा, पायथन शिका, वस्तू उघडून बघा.

या वयासाठी खरंच काही करायचं असेल तर सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा आहे, नववी-दहावीला ऑलिंपियाडची ज्युनिअर सायन्सची परीक्षा असते, अकरावी-बारावीला फिजिक्सची. नंबर नाही आला तरी तसले प्रश्न सोडवल्यानं डोकं वेगळं चालायला लागतं. केगावच्या सायन्स सेंटरला सहलीसारखं एकदा जाऊन येऊ नका, दोन-चारदा जा. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था सगळ्यांसाठी खुली असते, शास्त्रज्ञ स्वतः उभे राहून पोरांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. बारावीवाल्यांची तेव्हा परीक्षा असते, म्हणून आठवी-नववीतच घेऊन जा.

मुलींबद्दल. "एवढं लांब कशाला पाठवायचं, इथंच डीएड-बीएड करू दे" हे मी दर वर्षी ऐकते, बऱ्याचदा पोरगी समोर मान खाली घालून बसलेली असताना. आयसर आणि नायसरमध्ये कॅम्पसवरच हॉस्टेल असतं, आई-वडिलांनी एकदा स्वतः जाऊन बघून यावं. बघून आलेल्या घरातनं नाही म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

शेवटी कागदपत्रं, कारण सगळं जमून इथं अडकतं. आयसर, नायसर, आयआयटी या सगळ्या केंद्राच्या संस्था आहेत. राज्याचा नॉन-क्रिमीलेअर दाखला तिथं चालत नाही, ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला वेगळा काढावा लागतो आणि तो बहुतेक ठिकाणी त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा लागतो. व्हीजे, एनटी, एसबीसी हे प्रवर्ग राज्याचे आहेत, केंद्राच्या फॉर्मवर ते दिसणारच नाहीत, त्यामुळे आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघून घ्यायचं. ईडब्ल्यूएसचंही तसंच, नमुना केंद्राचा आणि वर्ष चालू. सेतूत जून महिन्यात पाय ठेवायला जागा नसते, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला आधी लागतो, त्यात आठ-दहा दिवस जातात. म्हणून मार्चमध्येच उत्पन्नाची कागदं गोळा करून ठेवा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज टाकून मोकळे व्हा.